पांढरं वरण

सांगलीहून निघताना मी पिशवीत दोन डबे भरले. एक बेसनाच्या लाडवांचा, दुसरा बिनलसणाच्या भडंगाचा. लेकीने फोनवर बजावलं होतं, "आई, डबा आणायचा नाही. एकदा तरी माझ्या घरी पोटभर जेव." मी हो म्हटलं आणि डबे भरले.

लग्नानंतर त्रिशलाच्या घरी मी पहिल्यांदाच चालले होते. सासर डहाणूजवळच्या रानशेतचं, घरात सुकट-बोंबील नेहमीचेच. आम्ही जैन. कांदा, लसूण, बटाटा खात नाही आणि सूर्य बुडाला की तोंड बंद. यजमान गेल्यापासून मी हे नियम जरा जास्तच घट्ट धरलेत. एकटीच्या घरात धरायला दुसरं असतं तरी काय?

डहाणू रोडला उतरले तेव्हा सकाळ होती. स्टेशनबाहेर चिकूच्या टोपल्या आणि शेजारीच सुक्या मासळीचा बाजार. नाकाला पदर लावून मी चिकू घेतले. "मावशी, पिकलेत हां, आजच खायला लागतील," चिकूवाली म्हणाली. तिला काय ठाऊक, माझ्यासोबत खायला कुणीच नव्हतं. बाकावर बसून दोन खाल्ले, उरलेले लेकीसाठी ठेवले आणि तलासरीची बस पकडली.

त्रिशला तलासरीच्या शाळेत शिकवते. शाळा सुटायला वेळ होता म्हणून हायवेवरच्या एका हॉटेलात शिरले. पावभाजी सांगून कांदा-लसूण-बटाटा नको म्हटल्यावर वेटरने विचारलं, "तमे जैन छो?" (तुम्ही जैन आहात का?)

"हो."

"पण मराठी बोलता ना तुम्ही!"

सांगली-कोल्हापूरकडे आमची गावंच्या गावं आहेत, घरात मराठीच बोलतो, असं मी त्याला समजावलं. त्याने मान हलवली, पण पटलं नसावं. मग आत वळून ओरडला, "कोपऱ्यात एक जैन!" मी बाई आहे की पावभाजी, असा मला क्षणभर प्रश्न पडला. थोड्या वेळाने भाजी आली, बटाट्याऐवजी कच्चं केळं घातलेली. चवीला वाईट नव्हती. टेबल चौघांचं होतं आणि माझ्यासमोर तीन खुर्च्या रिकाम्या. नियम पाळून कुणी उपाशी राहत नाही, पण जेवण एकटीचं होतं. लग्नकार्यातही माझं ताट आधी, वेगळं आणि कोपऱ्यात. त्या दुपारी मला ते फार लागलं.

शाळा सुटली, त्रिशला आली, गळ्यात पडली. जीपने रानशेतकडे निघालो तर हायवेवर ट्रकांची ही रांग! गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. थंडीचे दिवस, सूर्य लवकर कलायला लागला. लेक रस्त्याकडे बघतच नव्हती, तिचा डोळा सूर्यावर.

"नाही पोचलो तर?" तिने विचारलं.

"नाही तर नाही. मी पाणीही न घेता झोपेन. सवय आहे मला."

"आणि सकाळी तुझी गाडी." ती खिडकीकडे वळली. "सासूबाई कालपासून तयारी करतायत, आई." तिचा आवाज ओला झाला होता. मी पिशवीतले डबे पायाने मागे सारले.

फाट्यावर उतरून आम्ही अक्षरशः धावलो. मी, या वयात! घर दिसलं तेव्हा सूर्य ताडांच्या शेंड्यांवर टेकला होता. सारवलेल्या अंगणात पानं मांडलेली, जावई आणि त्याचे वडील पाटांवर बसलेले, आणि दारात विहीणबाई.

"या, आधी बसा. गप्पा दिवा लागल्यावर," त्या म्हणाल्या. "पानी दुपदरी फडक्यानं गाळलंय. मडकी नवी हायेत. मासळी कालपासून घरात आणलीच नाय."

"आणि तुम्ही सगळे इतक्या लवकर जेवणार?"

"मग काय, तुमी एकट्या जेवणार नि आमी तोंडाकडं बघत बसणार?"

मी पाटावर बसले. पानात तांदळाची भाकरी होती, वालपापडीची भाजी आणि भात. भातावर वरण पडलं आणि मी बघत राहिले. वरण पांढरंफटक. भाजीतही पिवळा थेंब नाही.

"आई, हळद?" त्रिशलाने सासूला विचारलं.

"हळद जमिनीखालचीच ना? तूच सांगितलंस, जमिनीखालचं चालत नाय." विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "आमच्या घरी बिनहळदीचं दुखवट्यालाच रांधतात. हात अडखळला माझा. मग म्हटलं, पाव्हणीचा नेम मोठा."

त्रिशलाने तोंड उघडलं. मी तिचा गुडघा दाबला. वाळवलेली हळद आम्हाला चालते, माझ्या डब्यातल्या भडंगालाही ती लावलेली होती. पण ज्या बाईने माझ्यासाठी अपशकुनसुद्धा पत्करला, तिला हे त्या घडीला कुठल्या तोंडाने सांगू? मी वरण पुन्हा मागून घेतलं. यजमान गेल्यापासून इतक्या माणसांत मी जेवले नव्हते. शेवटचा घास आणि सूर्य बरोबरच गेले.

दिवा लागल्यावर मी लाजत डबे काढले. आता मला काही चालणार नव्हतं, बाकीच्यांना चालणार होतं. विहीणबाईंनी मूठभर भडंग घेतलं, त्यातला एक शेंगदाणा उचलून दिव्याजवळ धरला. "हा तर जमिनीखालचाच की! आणि चुरमुरे पिवळे?"

आता सुटका नव्हती. "दाणा चालतो," मी म्हटलं. "आणि वाळवलेली हळदही चालते."

विहीणबाईंनी शेंगदाणा खाली ठेवला.

"मग जेवताना का नाय बोललात?"

"पंगत मोडली असती."

त्या पदर तोंडाला लावून अशा हसल्या की डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही.

सकाळच्या गाडीने मी निघाले. परतीच्या वाटेवरचं जेवण पुन्हा एकटीचंच झालं.

सांगलीचं घर होतं तसंच आहे. दिवस मावळायच्या आत एक ताट वाढते, एकटी जेवते. परवा शेजारच्या कुसुमताई वाटी मागायला आल्या आणि ताटात डोकावल्या.

"अगं बाई, वरण पांढरं? हळद विसरलीस की काय?"

"विसरले नाही," मी म्हटलं. "लेकीच्या घरचं वरण आहे."