पांगाऱ्याची फळी

अंजनाच्या लाकडाचा पाट पाण्यात टाकला तर तो बुडतो. ही माहिती तुम्हाला आयुष्यात कुठे कामी येईल असं नाही. पण तेराव्या वर्षी ती मला असती, तर आमच्या आजीचा पूजेला बसायचा पाट अमरावतीच्या तलावाच्या तळाशी गेला नसता. लाकूड म्हणजे तरंगणारच, एवढं माझं शास्त्र पक्कं होतं. वर्गात पहिला नंबर होता ना माझा!

फळी मागितली होती शेजारच्या काकूंनी. "रुंद बघ गो. आणि हलकी." मी घरभर हिंडून सगळ्यात रुंद आणि सगळ्यात देखणी वस्तू उचलली. 'हलकी' हा शब्द कानात शिरलाच नव्हता. पाट डोक्यावर घेऊन तलावापर्यंत जाता जाता मान आखडली, तरी मनात कौतुकच. चांगली वस्तू जड असायचीच. सोनं नाही का जड असत?

काकू समुद्राकाठच्या. मालवणच्या बाजूचं कुठलंसं खेडं. काका मात्र आमच्या वऱ्हाडातले, वलगावकडचे. कापसाच्या व्यापाऱ्याकडे नोकरी म्हणून काही वर्षं मुंबईत राहिले, आणि येताना चाळीतल्या शेजाऱ्याची पुतणी बायको करून घेऊन आले. समुद्रावरची मुलगी आली ती थेट काळ्या मातीत, जिथे मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. आम्ही 'मले, तुले' म्हणायचो, त्या 'माका, तुका'. पहिलं वर्षभर गल्लीतल्या बायका त्यांच्याशी हातवारे करूनच बोलत होत्या. आजी म्हणायची, "चिमणीवानी काय बोलते वो हे बाई? माका माका करते नुसती."

काही माणसांच्या बोटांना खोड असते, तुम्हीही पाहिली असतील. कोणी नाणं वाजवून घेतं, कोणी टरबूज. काकू लाकूड वाजवायच्या. दार असो, बाज असो, पाळणा असो, बोटाचं पेर वाकवून टकटक करायच्या, कान तिरपा करायच्या आणि निकाल द्यायच्या. एकदा गल्लीतल्या एका लग्नात रुखवतात सागवानी कपाट मांडलं होतं, परतवाड्याहून मुद्दाम आणलेलं. काकूंनी ते वाजवलं आणि वरमाईच्या देखत म्हणाल्या, "बुडतला!" भर मांडवात बुडण्याची भाषा! वधूच्या आईला पाणी शिंपडून उठवावं लागलं. काकूंना कळेचना, आपलं काय चुकलं. त्यांनी फक्त लाकडाबद्दल मत दिलं होतं.

या खोडीचं मूळ त्यांच्या लहानपणात होतं. त्या आणि त्यांचे भाऊ मोडक्या होडीच्या फळ्या घेऊन समुद्रात शिरायचे. छातीइतक्या पाण्यात उभं राहायचं, मागून लाट आली की फळीवर पोट टाकायचं आणि लाटेसोबत थेट वाळूपर्यंत यायचं. पुन्हा जायचं, पुन्हा यायचं. आई काठी घेऊन येईपर्यंत. सांगताना त्यांचे दोन्ही हात पुढे व्हायचे. "लाट तुका पाठीवर घेऊन धावता गो. तुका काय करूक नको. फक्त फळी बरी व्हयी."

आणि बरी फळी म्हणजे काय, यावर काकू बोलू लागल्या की चुलीवरचं करपायचं. उभी धरली तर फळी बेंबीला लागावी. जास्त लांब झाली तर लाटेत नाक खुपसते, आखूड झाली तर माणूसच पुढे सांडतो. टोक जरासं वर वळलेलं हवं. खिळा एकही नको, कारण पोट आपलं असतं. वरून मेण चोळायचं, म्हणजे ओलं अंग निसटत नाही. आणि लुगडं? लुगड्याने पाय बांधले की फळीने काय करावं? म्हणून काकांचा जुना पायजमा गुडघ्यावर कापून त्यांनी एक चड्डी केली होती, वर लांब बाह्यांचं पोलकं, फळीच्या कडेने बरगड्या सोलवटू नयेत म्हणून. तसाच एक जोड मलाही शिवला. तो घालून मी आरशात पाहिलं आणि स्वतःवर फिदा झाले. खरं तर मी पिठाच्या गोणीतून डोकं काढलेल्या मांजरासारखी दिसत होते.

तर तो तलाव. रविवारची सकाळ, लांब एका कडेला म्हशी धुणारी माणसं. वारा सुटला होता, पाण्यावर बारीक सुरकुत्या पडत होत्या. मी विचारलं, "काकू, हेच का लाट?"

"ही लाट? बशीतल्या चायवर फुंकर मारली तरी ह्येच्यापेक्षा मोठी येता."

मला फळीवर पोट टाकायला शिकवणं, एवढाच त्या दिवशीचा बेत. मी मोठ्या थाटात पाट पाण्यावर ठेवला, हात काढला आणि पाट नाहीसा झाला. बुडबुडासुद्धा धड आला नाही.

काकूंनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गो, पाट हाडलंस की पाटो?"

आमच्याकडे 'हाडलंस' म्हणत नाहीत, पण पाट आणला की पाटा-वरवंट्यातला पाटा, हे मला बरोबर कळलं. काकू बांधावर बसून हसत सुटल्या. मी रडत सुटले. आजी मला पाट्यावरच वाटणार होती.

माझं रडणं पाहून त्या उठल्या. ते चड्डी-पोलकं पिशवीतच होतं. त्यांनी लुगड्याचा काष्टा घट्ट ओढला आणि पाण्यात सूर मारला. म्हशी धुणारे हात थांबले. काकू वर येईनात. मी देवाचा धावा सुरू केला, पण देवाचाच पाट खाली, तो कशाला ऐकतो? मग त्या आल्या, पाट छातीशी धरून, केस तोंडावर चिकटलेले. पाट माझ्याकडे लोटला आणि स्वतः मात्र बाहेर आल्या नाहीत. पाठीवर पडून राहिल्या, डोळे मिटून. मी हाका मारत होते. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ह्या पाणी गोडा गो. उचलून धरीत नाय. खारा पाणी माणसाक धरता."

घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आजी दारातच. "काहून व पोट्टे, मले बसाले आता दगड आणू का?" पण पाट तिने ठेवून घेतला. "जाऊ दे, त्याचं तरी गंगास्नान झालं. आपल्या नशिबात कुठी हाये?"

काकूंना मात्र गल्लीने सोडलं नाही. भरदिवसा, चार परक्या माणसांसमोर, लुगड्यासकट तलावात! संध्याकाळी काका कापसाच्या जिनातून, कामावरून आले. आता काय होतं म्हणून सगळ्या बायका आपापल्या दारात काहीतरी निवडत बसल्या. काकांनी टोपी खुंटीला लावली, ओलं लुगडं उचललं, पिळलं आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातलं. टोकं सारखी करून. "पाहा वो, बायकोचं लुगडं वाळू घालून राह्यला," एकीने म्हटलं, आणि आम्ही सगळ्या खुदुखुदु हसलो. मी सगळ्यात मोठ्याने.

पुढच्या पंधरवड्यात काकांनी गावाकडून बैलगाडीत पांगाऱ्याचं खोड आणलं. पांगारा फार हलका. आमच्याकडे पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला त्याचाच ओंडका बांधतात. वाढई फळी घडवत होता, तेव्हा काकू त्याच्या उशाशीच बसल्या होत्या म्हणा ना. "थोडा आणखी काढ. आणखी." तो शेवटी वैतागला, "बाई, थ्या रंध्यानं मलेच तासून काहाडा आता!" फळी झाली. इतकी गुळगुळीत, की तिच्यावरून माशी घसरावी.

पुढच्या उन्हाळ्यात ती समुद्रावर जाणार होती. बडनेऱ्याहून रेल्वेने मुंबई, मुंबईहून बोट. काकू मला ते पाढ्यासारखं पाठ म्हणून दाखवायच्या. चैत्र आला की फळी उन्हात निघायची, चिखलदऱ्याकडून येणाऱ्या मधवाल्याकडून मेण घेतलं जायचं, ट्रंकेत चड्डी-पोलकं बसायचं. मग एक दिवस ट्रंक परत उघडलेली दिसायची. "ह्या वर्षी नाय जमला," एवढंच. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. का जमलं नाही, ते त्या सांगत नसत. ते आम्ही ठरवलं होतं. काका चिक्कू. फळी घडवून दिली की तिकीट वाचतं, असा त्यांचा हिशेब. हा शोध माझाच होता, आणि तो मी गल्लीत फुकट वाटला.

मग काकांची बदली अकोल्याला झाली. काही वर्षांनी मीही लग्न होऊन अकोल्यातच आले आणि एक दिवस भाजीबाजारात काकू भेटल्या. मी ओरडले, "काकू!" त्या वळल्या. "अवो माय, तू कुठी इकडे?"

मी रस्त्यात उभीच राहिले. 'माका' गेला होता. 'गो' गेला होता. डोक्यावरचे केस पांढरे झाले त्याचं मला इतकं वाटलं नाही.

त्यांच्या घरी गेले, तर फळी होती. खोलीत बाजेच्या वर, दोन दोऱ्यांत आडवी टांगलेली. मेण ताजं होतं. चैत्र पाळला जात होता अजून. मी तेव्हा दोन मुलांची आई, जिभेला हाड नाही. काका समोरच जेवत होते. मी म्हटलं, "काका, तिकिटाचे पैसे वाचवून मंदिर बांधता का काय? आता तरी न्या काकूले."

काकांचा घास हातातच राहिला. आणि काकू माझ्यावर अशा फिरल्या, की मी कधी पाहिलं नव्हतं. "गप गो! तुका काय कळता?"

किती दिवसांनी तो 'गो' ऐकला, आणि ऐकला तो असा. काका पानावरून उठले, हात धुतले आणि बाहेर गेले. मी मनात म्हटलं, लागलं वाटतं बोलणं. लागूच दे.

काकू गेल्या त्या त्यानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या उन्हाळ्यात. हृदय थकलं होतं, पाय सुजायचे. मी दुपारची जाऊन बसायची. कोमट पाण्यात मीठ घालून त्यात पाय बुडवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी चिमूटभर टाकायची.

"आणखी घाल."

"काकू, पुरे. लोणचं होईल पायांचं."

"होऊ दे. आणखी."

मी मूठभर घातलं. त्यांनी खाली वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि लहान मुलीसारख्या माझ्याकडे पाहत राहिल्या. चव जुळली नसावी. पण मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या, "बरा."

तेरवी झाली. पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी-भाजी घेऊन काकांकडे गेले. दार उघडं होतं. काका जमिनीवर बसले होते, फळी मांडीवर, हातात मेणाचा गोळा. हळूहळू चोळत होते, टोकाकडून खाली, जिथे पोट यायचं तिथे जरा जास्त. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं हे काम कोणाच्या हातचं होतं. शहाणीने तेवढ्यावर गप्प बसायचं असतं. पण मी डबा खाली ठेवला आणि म्हटलं, "काका, एकदा तरी न्यायचं होतं हो काकूले."

काकांचा हात थांबला नाही. माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले, "दोनदा तिकिटं काढून आणली होती, बाई. दोन्ही खेपेले तिनंच वापस कराले लावली. म्हणे, मले नेऊ नका. एक डाव त्या लाटेवर पोट टाकलं तं मी तुमच्या घरी वापस येणार नाही, मले माह्याच भरोसा नाही. मंग तिसऱ्यांदा मी काढलीच नाही. मले भेव लागलं, या खेपेले ते हो म्हणून बसली तं?"