हमीदाखालाचा पडदा

तुमच्या दारासमोर एक परका माणूस येऊन उभा राहिला, तुमच्याकडे कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना कोणाचे डोळे लाल होते हे बघत राहिला, आणि विचारल्यावर म्हणाला की मी तुमच्याच सुरक्षेसाठी उभा आहे, तर तुम्ही त्याला पाणी विचाराल की जा म्हणाल?

हमीदाखाला त्याला जा म्हणाली. तो गेला नाही, कारण तो ग्रामपंचायतीने चौकातल्या खांबावर बसवलेला कॅमेरा होता. खाला मात्र त्याला माणूसच समजून बोलायची. सकाळी दार उघडलं की खांबाकडे मान वर करून विचारायची, "उठलास का झोपलाच न्हाईस?" आणि मग वळून ओट्यावर पाणी शिंपडायची.

आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. हमीदाखाला गावची मणियारीण. तिच्या सासूने आमच्या आज्यांना बांगड्या भरल्या, तिने आमच्या आयांना आणि आम्हाला. चौकाला लागून एक खोली, भिंतीला दोऱ्यात ओवलेल्या बांगड्यांच्या माळा, खाली चटई. ती हात हातात घ्यायची, अंगठ्याखालचं हाड दाबत दाबत तळवा मऊ करायची आणि काचेची बांगडी कधी मनगटात गेली ते कळायचंही नाही. हात मऊ होईपर्यंत ती बोलत राहायची, आणि हळूहळू समोरची बाई बोलायला लागायची. "हात कोणाच्या हातात दिल्यावर बाई खोटं बोलत न्हाई," असं ती म्हणायची.

तिच्या दारात मोरांचा पडदा होता, जुन्या पलंगपोसाचा. बांगड्या भरायला बाई बसली की पडदा खाली, उठली की वर. पडदा पडला की दारात पुरुष थांबत नसे. बायकोला घेऊन आलेला नवरा समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसे, मग तो पाटलाच्या घरचा असो की सालदार. कुणी कधी हा नियम सांगितला नव्हता. आणि उठताना प्रत्येक बाई, मग ती कोणत्याही घरची असो, खालाच्या पाया पडत असे.

त्या पडद्यामागे काय काय बोललं जायचं, हे मी थोडंफार ऐकलंय. कोणाला तिसरी मुलगी झाली म्हणून जेवण मिळत नव्हतं. कोणाला कॉलेजचा फॉर्म भरायचा होता आणि घरी सांगायचं नव्हतं. आणि काही जणी पुन्हा पुन्हा बांगड्या भरायला यायच्या, सण नसताना, लग्न नसताना. त्यांच्या बांगड्या कशा फुटल्या हे खाला विचारत नसे. मनगटावरचे वळ बोटाने चाचपायची, हळद लावायची, आणि एवढंच म्हणायची, "माहेरी कोणे? फोन लावू का?" अशा दोघीतिघींना तिने माहेरच्या जीपमध्ये बसवून दिलेलं मला माहीत आहे. गावाला कळायचं ते बाई सुखरूप पोचल्यावर.

आमच्या घराशी तिचं नातं कागदाचं होतं. माझे बाबा जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात कामाला आणि कामगार संघटनेत. गेटवर वाटून उरलेली पत्रकं ते गठ्ठ्याने घरी आणत. मी अक्षरं त्यांवरच शिकले. उरलेला गठ्ठा खालाकडे जाई, बांगड्या गुंडाळायला. "तुझ्या बापाचं राज्य यायचं तवा येईल," ती मला म्हणायची, "पण त्याच्या कागदात बांगडी तडकत न्हाई, हे बराबर आहे." मला ती पत्रकवाली म्हणायची. चिडवायची, आणि कोऱ्या पाठीचा कागद माझ्यासाठी बाजूलाही ठेवायची.

कॅमेरा आला तेव्हा गाव खूश होतं, हे खोटं कशाला लिहू? विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या. शाळेतून येणाऱ्या पोरींच्या मागे मोटारसायकली लागत होत्या. खांबावर पाटी लागली, 'महिला सुरक्षेसाठी'. नारळ फुटला, उपसरपंचाचं भाषण झालं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. खालानेही वाजवल्या. नंतर तिने वर पाहिलं आणि काचेचा तो काळा गोळा तिच्या दाराकडे वळलेला तिला दिसला.

ती पंचायतीत गेली. तोंड थोडं तिकडं फिरवा, एवढंच तिचं म्हणणं होतं. उपसरपंच हसून म्हणाला, खाला, तुला काय झाकायचंय? ज्यानं काही केलं नाही त्यानं कशाला घाबरायचं? हा प्रश्न तुम्हीही कुठे ना कुठे ऐकला असेल. रेशनच्या दुकानात बोटाचा ठसा मागतात तेव्हा, नाक्यावर मोबाइल उघडून दाखव म्हणतात तेव्हा. मी त्याला पानभर उत्तर लिहिलं असतं. खाला म्हणाली, "माझं काय झाकायचं बापू, मी म्हातारी. लोकांचं माझ्यापाशी ठिवलेलं आहे, ते झाकून राह्यली."

कॅमेऱ्याचं तोंड फिरलं नाही. उलट पंचायतीतल्या पडद्यावर दिसणारा चौक हळूहळू चार-पाच जणांच्या मोबाइलवर दिसायला लागला. कोणाकोणाच्या, हे आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. पारावर बसल्या बसल्या लोक सांगू लागले, काल अमक्याची सून दोनदा चौकातून गेली. बायका खालाकडे जाताना डोक्यावरचा पदर पुढे ओढू लागल्या. मग पटकन उठू लागल्या. हात मऊ व्हायला वेळच मिळेना, बांगड्या मनगटाला खरचटू लागल्या. "ह्यो मर्द दारातून हलतच न्हाई," खाला म्हणायची. "बाकीच्यांना निदान लिंबाखाली धाडता येत होतं."

त्या दिवशी मी चुलतबहिणीच्या लग्नाच्या बांगड्या घ्यायला गेले होते. पडदा खाली होता. आत खालाशेजारी एक बाई बसलेली. तिला मी वंदना म्हणते, ते तिचं नाव नाही. उजव्या हातात एकही बांगडी नव्हती आणि मनगट सुजून जांभळं झालं होतं. तिचा भाऊ वडीगोद्रीला गॅरेजवर होता. फोन झाला होता. काम टाकून निघतो म्हणाला होता. तो येईपर्यंत थांबायचं, एवढंच काम होतं.

आम्ही तिघी थांबलो. खालाने चहा केला. वंदनाने कप धरला आणि तसाच ठेवून दिला. प्रत्येक मोटारसायकलचा आवाज आला की ती माझ्याकडे बघायची, आणि आवाज पुढे निघून जायचा. खाला तिचा डावा हात हातात घेऊन तळवा दाबत बसली होती, बांगडी भरायची नसताना. मी दोनदा पडद्याच्या फटीतून रस्ता पाहिला. तिसऱ्यांदा उठले तेव्हा खाला म्हणाली, "बस बेटा. पडदा हलतोय ते बी दिसतंय त्याला."

आणि तिथंच आमची चूक होती. पडदा हलू नये याची आम्ही काळजी घेत होतो. पडदा पडलेला आहे, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. खालाच्या हाताला सवय होती: बाई आत, पडदा खाली. साऱ्या जन्मात त्या पडद्याने बाईला राखलं होतं. आता तोच, मोबाइलवर बोटभर दिसणारा, सांगत होता की आत कोणीतरी आहे, आणि सकाळपासून आहे.

बाहेरून उपसरपंचाचा आवाज आला. "खाला, दुपार टळली, पडदा काही वर जाईना. कोणाच्या एवढ्या बांगड्या भरून राह्यलीस?"

खाला उठली, पडद्याबाहेर गेली आणि उंबऱ्यावर बसली. मी मागे उभी होते. उपसरपंचाच्या हातात मोबाइल होता, शेजारी वंदनाचा नवरा. नवरा खालाकडे बघतही नव्हता, मोबाइलकडे बघत होता. खाला उपसरपंचाला म्हणाली, "तुझ्या मायचा लग्नाचा चुडा मी भरला. तुझा आजा त्या लिंबाखाली बसल्ता. दारात न्हाई आल्ता."

त्याने एकदा लिंबाकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून, समजावल्यासारखं म्हणाला की दिवस बरे नाहीत. तुझ्या घरी कोण येतं, कोण जातं, कुठून जीप येतात, हे सगळं यात आहे. मी दाखवत नाही ठाण्यात, पण उद्या कोणी मागितलं तर मला द्यावं लागेल. तू एकटी. त्यात तुमचे लोक. कशाला डोक्याला ताप?

'तुमचे लोक' हे शब्द त्या चौकात मी पहिल्यांदा ऐकले. मी पुढे होऊन बोलायला लागले. काय बोलले ते आता नीट आठवत नाही, कायदा वगैरे. तेवढ्यात मागून वंदना आली. तिने चप्पल घातली होती. वाकून खालाच्या पाया पडली, हात भरून उठलेल्या बाईसारखी, आणि म्हणाली, "ऊठ खाला. माझ्यापायी तुझ्या दारात पोलीस नको."

खाला उठली नाही. वंदनाला तिच्या खांद्यावर हात टेकून उंबरा ओलांडावा लागला.

भाऊ आला तेव्हा चहाचा कप अजून तिथंच होता. तो तसाच तिच्या सासरी गेला. दारातच त्याला सांगितलं की घरगुती बाब आहे. वंदना अजून त्याच घरात आहे. म्हणून तिचं नाव नाही, गावाचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी खालाने पडदा काढला, धुतला, घडी करून ठेवला. उघड्या दारात ती बांगड्या भरत राहिली. बायका यायच्या, माप सांगायच्या, पैसे द्यायच्या. बोलत कोणी नसे. मी म्हटलं, खाला, तक्रार करू, अर्ज करू. ती म्हणाली, "तू कर. मी घाबरले बेटा. त्याला न्हाई घाबरले. मी घाबरले की आता कोणी आली तर मीच तिला जा म्हणीन."

थंडीत ती गेली. न्हाऊ घातल्यावर तिला ओट्यावर आणलं, तेव्हा साऱ्या गावच्या बायका आल्या, सगळ्या घरांतल्या, आणि कोणीही पदर पुढे ओढला नाही. वंदना त्यांच्यात नव्हती. मोरांचा पडदा माझ्याकडे आहे.

उपसरपंचाला मी परवा विचारलं, चौक कोणाकोणाच्या मोबाइलवर दिसतो? तो म्हणाला, बापासारखं पत्रक काढ. हे काढलंय.

तुमच्याही चौकात असा खांब असेल. येत्या ग्रामसभेत उभं राहून एवढंच विचारा: हे कोण बघतं, कोणाच्या मोबाइलवर बघतं, कोणाला दाखवतं, आणि कोणत्या अधिकाराने? उत्तर तोंडी घेऊ नका, सभेच्या इतिवृत्तात लिहायला लावा. एकटीने विचारू नका, शेजारणीला सोबत घ्या. आणि ते लिहिलं जाईपर्यंत पंचायतीच्या दारातून हलू नका. दारात उभं राहिलेलं कसं वाटतं, ते त्यांनाही एकदा कळू द्या.