घर बघून पगार

माझा दादा चर्चच्या छापखान्यात पुस्तकं शिवायचा. वाचायच्या नावानं बोंब, पण त्यानं शिवलेल्या पुस्तकाचं पान कधी सुटलं नाही. त्याला पाच लेकरं. मी चिडवायची, ‘‘दादा, दर वर्षी नवी आवृत्ती काढतोस की काय?’’ तो लाजून हसायचा.

छापखाना चालवायचे फादर. देवमाणूस, पण भलता हट्टी. त्यांचा नियम एकच, पगार द्यायचा तो घर बघून. एकट्याला एकट्यापुरता, लेकुरवाळ्याला लेकरांसकट. कामगार म्हणजे नुसते दोन हात नव्हेत, असं आपला धर्म सांगतो, म्हणायचे. हिशेबनीस अर्थशास्त्र शिकलेला. चहाचा कप हातात आला की त्याचं सुरू, ‘‘फादर, अशानं एक दिवस लेकुरवाळाच आधी घरी बसेल. महाग माणूस कोण ठेवणार?’’

‘‘मी ठेवीन की!’’ फादर म्हणायचे. दोघं जिवलग, पण वाद रोजचा.

मग कामं आटली. कुणाला तरी काढणं भाग होतं, आणि सगळ्यात महाग कोण, तर आमचा दादा. तो हात जोडून म्हणाला, ‘‘मला एकट्याचा पगार द्या, पण ठेवा.’’

‘‘द्या ना फादर, त्याचीच खुशी आहे,’’ हिशेबनीस म्हणाला.

‘‘उपासमारीच्या भीतीनं दिलेल्या होकाराला खुशी म्हणतात? पाच लेकरांच्या ताटातलं मी काढून घेणार नाही.’’

‘‘मग ताटच काढून घेणार?’’

 फादरनी नियम काही मोडला नाही. असला चांगुलपणा काय जाळायचाय!

त्याच आठवड्यात दादा मधल्या दोघांना घेऊन परगावी माझ्या दारात उभा. पोरगी आणि तिच्या पाठचा भाऊ. म्हणाला, ‘‘यांना तुझ्याकडे ठेव. घरात तीनच लेकरं राहिली की पगार नियमानंच उतरेल. मग मला काढायला नको.’’

मी तोंडाला येईल ते बोलले. ‘‘डोकं ठिकाणावर आहे का? वहिनीला विचारलंस?’’

‘‘तिनंच वेणीफणी करून दिली,’’ तो म्हणाला आणि ढसाढसा रडला.

पोरं राहिली. नोकरीही राहिली. फादरना त्यानं सांगितलं, लेकरं आत्याकडे शिकायला गेलीत.

पुढं वर्ष-दीड वर्षानं फादर आमच्या चर्चमध्ये आले. पोरीला ओळखून म्हणाले, ‘‘इथली शाळा चांगली दिसतेय!’’

‘‘शाळा तिथंही होती. आम्ही इथं राहिलो की बाबांची नोकरी राहते.’’

 फादरनी परत जाऊन हिशेबनिसाला सांगितलं. तो ‘मी म्हणत नव्हतो?’ असं एका शब्दानंही बोलला नाही. दोघांनी स्वतःच्या पगाराला कात्री लावली आणि दादाचा पगार पहिल्यासारखा केला. इतकं सोपं होतं, आणि सुचलं कधी!

दादा धावतच न्यायला आला. पोरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, पाहुण्याला देतात तसं.

‘‘चला घरी,’’ तो म्हणाला. ‘‘आता काही भीती नाही.’’

पोरगी भावाचा हात धरून मागं सरकली. ‘‘नको बाबा. परत काम कमी झालं तर परत पाठवाल. याची रडायची सवय आत्ता कुठं गेलीय.’’

 दादानं किती समजावलं, शपथा घातल्या. पोरगी शहाण्यासारखी मान हलवत राहिली, पण भावाचा हात काही सोडला नाही. संध्याकाळच्या गाडीनं दादा एकटाच परत गेला.