ताडपत्रीखालचा बर्फाचा ट्रक

पुढे साधी चाकं आणि मागे रणगाड्यासारखे लोखंडी पट्टे असलेला आमचा ट्रक युद्धाच्या काळात बर्फातून रसद पोचवायला बनवलेला होता. इंग्लंडात मिल्टन कीन्सजवळच्या ज्या खेड्यात मी आणि नवरा भाड्याने राहायचो, तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात आमच्या जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळाने तो दुरुस्त केला. आठवडाभर कोड लिहायचा आणि शनिवारी ग्रीसमध्ये हात काळे करायचे, यात मला सुख होतं. उन्हाळी प्रदर्शनांत तो मीच चालवायचे. पण मंडळाचा नियम असा, की बर्फ पडला की ट्रकवर ताडपत्री. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पट्टे गंजतात म्हणे. रेनकोट भिजेल म्हणून पावसात कपाटात ठेवायचा, त्यातला हा प्रकार. मी पहिल्या दिवसापासून कुरकुरत होते.

मंदीच्या त्या हिवाळ्यात एवढा बर्फ पडला की रस्ते बंद झाले. दुपारी शेतकऱ्याचा फोन आला. त्याची थोरली बहीण टेकडीवर एकटी राहायची. तिचा गॅस संपला होता, घर गारठलं होतं आणि सिलिंडरवाल्याची गाडी वर चढत नव्हती. शेतकऱ्याकडे भरलेले सिलिंडर होते, ट्रकही होता. पण कंबरेच्या ऑपरेशननंतर त्याला तो जड क्लच दाबता येत नव्हता.

मी बूट चढवायला लागले तसा नवरा म्हणाला, "अगं, वर्क व्हिसावर आहोत आपण. काही प्रॉब्लेम झाला तर? ऑफिसमध्ये आधीच रिडन्डन्सीज चालल्यात, लोकांना काढतायत. जरा लो प्रोफाइल राहू या ना."

माझं डोकंच फिरलं. या देशात आल्यापासून आम्ही कुणाच्या डोळ्यांवर न येण्याचाच संसार करत होतो.

"ट्रकचा इन्शुरन्स आहे, माझं लायसन्स आहे," मी म्हटलं. "पोलिसांनी अडवलं तर त्यांनाही लिफ्ट देईन. येणार असशील तर फावडं घे."

तो आला, फावडं घेऊन.

गोठ्यातून मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. मिठाचं काय करणार, असं त्यांनी मला विचारलं. मी घासून काढीन म्हटलं, फोन ठेवला आणि ताडपत्री ओढली.

चढावर पुढची चाकं घसरायला लागली. घाबरून स्टिअरिंग हिसकलं असतं तर खड्ड्यात गेलो असतो. वेग न वाढवता मागच्या पट्ट्यांना ढकलू दिलं. ते धूड खडखडत वर पोचलं.

म्हातारीने कोटावर शाली गुंडाळून दार उघडलं. तिचे हात निळे पडले होते. नवऱ्याने आधी सिलिंडर जोडला. मग ती ट्रककडे बघून म्हणाली, "मी हे कायम झाकलेलंच पाहिलं. मला वाटायचं, खाली गवत रचलंय."

गोठ्यात परतल्यावर मी पट्टे धुतले, घासले. तरी एका पट्ट्यावर तांबूस डाग राहिलाच. थंडी सरल्यावर अध्यक्ष रंगाचा डबा घेऊन आले. मी तोंड उघडायच्या आतच नवरा त्यांच्या वाटेत उभा राहिला आणि म्हणाला, "तो डाग तसाच राहू द्या."