थांब गंगे, खोटं बोलून राहिलीस

अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्या रांगेला लावायची घाई चालली होती. तेवढ्यात अकोटहून आलेला आमचा शेजारी गाडीवरून उतरला आणि माझा खांदा धरून म्हणाला, "बापू, गंगाअक्का गेली. तापानं गेली. तुले बलवायलेबी येळ भेटला नाई." मग तो तिथंच जमिनीवर बसला. मीही बसलो... या गोष्टीला महिना उलटला. आता कुठे तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याइतपत मन जागेवर आलं आहे.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे मला तिनंच वाढवलं. तिला अकोटातच दिली होती. पुढे एकाएकी कापसाला सुगीचे दिवस आले. समुद्रापल्याड कुठं लढाई पेटली होती म्हणे, आणि तिच्यापायी विलायतेच्या गिरण्यांना आमच्या काळ्या मातीतला कापूस हवासा झाला होता. ज्याच्या दारी बैलजोडी, तो गाडी भरून निघे. तिचा नवरा रामजीही खामगावाकडे निघाला. पहिल्या हंगामाला परतला, दुसऱ्या हंगामाला नाही. निरोपसुद्धा नाही. वाट पाहून थकल्यावर अक्का माझ्या घरी आली आणि पडवीत सरकी काढायचा रेचा मांडून बसली.

गल्लीतल्या बायकाही आपापले रेचे घेऊन तिच्याभोवती बसू लागल्या, त्या तिच्या गोष्टींसाठी. राजाराणीच्या गोष्टी ती सांगत नसे. "एक बाई होती, तिचा नवरा गाडी घेऊन गेला," अशी सुरुवात व्हायची आणि रोज त्या नवऱ्याचं नवीन काहीतरी व्हायचं. कधी तो पूर्णेच्या पुरात अडकायचा, कधी वाटेत लुटला जायचा. पण गोष्ट ऐन रंगात आली की अक्का मध्येच थांबायची आणि स्वतःलाच दटावायची, "थांब गंगे, खोटं बोलून राहिलीस. पूर नव्हता तवा." मग गोष्ट मागे जाऊन दुसऱ्या वाटेनं निघायची. बायका हसत, पण ती थांबली की हातातला रेचाही थांबवत.

एकदा मी विचारलं, "अक्का, सोतालेच कावून टोकतं?"

"दुसऱ्यानं टोकलं का राग येते रे. आपलं आपण टोकलं का गोष्ट सुदरते." आणि जरा वेळानं, हळूच, "अन् दुसरं कोन टोकनार हाये मले?"

त्यानंतर दोन हंगाम गेले आणि एका दुपारी रामजी आला. डोक्याला जरीचा फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. बायकांनी पदर सावरले. अक्कानं त्याला पाहिलं, पण तिचा हात थांबला नाही. "...मंग त्या बाईचा नवरा वापस आला," ती सांगत राहिली, "बाई लय खुश झाली." आणि थांबली. रेचाही थांबला. "थांब गंगे. झाली काय तू खुश?... नाई. मी नाई झाली खुश."

तिच्या गोष्टीत 'मी' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

रामजी म्हणाला, "गंगे, सामान बांद. खामगावले घर केलं. दुसरी हाये घरात, पन तुले काई कमी पडनार नाई."

"म्या ज्याची वाट पाह्यली, थो मानूस निरोप धाडल्याबिगर राह्यला नसता," अक्का म्हणाली. "तुमची वाट म्या नाई पाह्यली."

तिनं त्याला पाणी दिलं, भाकरी वाढली. तो जेवला आणि ऊन उतरायच्या आत निघून गेला. त्याची गाडी वळणाआड गेल्यावर अक्का रेच्यापाशी येऊन बसली. मी जवळ गेलो तर डोळे पुसत म्हणाली, "बापू, आता उद्या काय सांगू रे? याची गोष्ट तं सरली!" आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

पण गोष्टी काही सरल्या नाहीत. अकोल्याला आगगाडी आली तेव्हा मी तिला दाखवायला नेलं. पुढे कितीतरी दिवस बायकांना तेच. "म्या इंजनाच्या जवळ जाऊन हात लावला... थांब गंगे, तू तं बापूच्या पाठीमांगं लपली होतीस!" आता तिच्या गोष्टींत ती बाई उरली नव्हती. 'मी' होती, आणि त्या 'मी'ला दटावणारी गंगा होती.

कापसाचा भाव पुढे पडला, गाड्या कमी झाल्या. पडवी मात्र भरलेलीच असायची.

परवा बायकोनं पडवीच्या भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या. रेच्यामागची, केसांच्या तेलानं काळपट झालेली जागा तेवढी तिनं तशीच सोडली. मी विचारलं, "हे कावून राह्यलं?"

ती हात धूत होती. मान वर न करता म्हणाली, "अक्काची पाठ हाये तिथं."