सेक्टर सातमधले जोशी

बंडू खोपकर तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता आणि त्याच्या ओठांवर, हातांवर कोड होतं. "बंड्या, रंगाच्या डब्यांत बसून तुझाच रे कसा रंग उडाला?" हा विनोद त्याने बारा वर्षं ऐकला आणि दर वेळी विनोद करणाऱ्यापेक्षा मोठ्याने हसला. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने कोड फुटतं, असं सासूबाईंनी ठणकावल्यापासून या कोकणी माणसाने सात वर्षं बांगड्याला तोंड लावलं नव्हतं. शेवटी वाशीच्या इस्पितळातल्या डॉ. शमीम मुकादम म्हणाल्या, "माशांचा काही संबंध नाही हो. आणि हे कुणाला लागतही नाही." त्या दिवशी बंडूने पाच बांगडे खाल्ले आणि सहाव्याला ढसाढसा रडला.

मग त्याने कोड असलेल्यांचं मंडळच काढलं. लेटरहेड आलं, शिक्का आला. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार तिन्ही तोच. सभासद यायचे ते भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून. वर, "आमच्या शेजाऱ्यासाठी विचारतोय." बंडू स्वतःच्या बाह्या कोपरापर्यंत गुंडाळून त्यांना झापायचा, "चोरी केलीय का आपण? छाती पुढे काढा!"

डॉक्टरबाईंना इस्पितळात उजेडाची पेटी हवी होती. आठवड्यातून दोनदा तिच्यात उभं राहिलं की काहींच्या डागांत रंग परत धरतो. अर्ज बंडूने लिहिला, बाईंनी केसपेपरांवरची एकसष्ट नावं-पत्ते जोडले. वरच्या कचेरीने खातरजमेसाठी प्रत्येकाला पत्र धाडलं.

पुढच्या महिन्यातल्या एका गुरुवारी बाईंनी टेबलावर पाकिटांचा गठ्ठा ठेवला. अठ्ठावन्न पाकिटं परत. प्रत्येकावर पोस्टमनचा शेरा : या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही.

"त्यात एकोणीस जोशी, बंडूभाऊ. सगळे सेक्टर सातमधले. काय घराणं आहे!"

"खोटी नावं?" बंडू भडकला. "भित्रे लेकाचे! एकेकाला आता..."

पाकिटं उलटता उलटता त्याचा हात थांबला. कु. प्राची जोशी, सेक्टर सात.

दिवाळीत लेकीच्या कानामागे चार आण्याएवढा डाग दिसला, तेव्हा बायकोबरोबर तिला इथे पाठवताना आडनाव त्यानेच सुचवलं होतं. नाव तेवढं खरं ठेवलं. हाक आली की पोरीने वळायला तर हवं!

"वरचे म्हणतात, पेशंटच नाहीत तर पेटी कशाला?" बाई म्हणाल्या. "खऱ्या नावाची दहा माणसं द्या. आज दिलीत तर उद्या मी परत जाते, भांडते. नाहीतर फाइल बंद. पहिलं तुमचं लिहू?"

"लिहा की!"

"दुसरं?"

बाईंची नजर त्याच्या हातातल्या पाकिटावर होती. पेन कागदावर टेकलेलं. रविवारी प्राचीला बघायला पनवेलची मंडळी यायची होती. बंडूने पाकिटाची घडी केली आणि खिशात घातली.

"दुसरं... बघतो, मॅडम."

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि फाइलची दोरी बांधली.

बाहेर बाकावर पाच-सहा जण बसले होते, मनगटापर्यंत झाकलेले. एकाने विचारलं, "काय खोपकर, पेटी कधी येतेय? नाही, शेजारी विचारत होता."

बंडूने गुंडाळलेल्या बाह्या सोडल्या, खाली ओढल्या आणि मनगटाची बटणं लावत चालू लागला.