अॅम्प्लिफायरला लोटाभर पाणी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा. पुढे मी माझीच अब्रू माझ्याच तोंडानं घालवणार आहे, तेव्हा मला थोडी सहानुभूती लागेल!

माझा व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर तुम्ही पाहिलाच आहे. बारा वर्षं झाली त्याला. मी दिवसा भरवेलीच्या खाणीत हजेरीबाबू आणि संध्याकाळी गिटारवाला. ती मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीनं वाजवतात ना, ती गिटार. पण ही अॅम्प्लिफायरची पेटी काय फक्त गिटारीपुरती? लग्नात तिच्यावर गाणी, शाळेत भाषणं, बुद्धजयंतीला वंदना, आणि एकदा पार रामपायली गावी नेऊन हरवलेल्या म्हशीची दवंडीसुद्धा! सादळलेली माचिस तिच्या डोक्यावर ठेवली की पाच मिनिटांत खडखडीत. बारा वर्षांत या पेटीनं मला एकदाही तोंडघशी पाडलं नाही. ते काम मी स्वतःच केलं.

झालं असं, की पेटी बसवताना गोंदियाचा मिस्त्री म्हणाला होता, "बाबू, घरघर आली का अर्थिंगले पाणी देजा. रोज एक लोटा, हळूहळू." त्यानं खिडकीबाहेर निंबाच्या बुंध्याशी खड्डा केला, मीठ-कोळसा भरला, तांब्याचा पत्रा पुरला आणि पेटीची तार त्याला बांधली.

मग काय! रोज पेटी सुरू करायची आणि लोटा घेऊन निंबाखाली जायचं. घरात चिखल नको म्हणून चपला काढून. हळूहळू ओतायचं म्हणून ओठातल्या ओठात वीस आकडे मोजत. आणि आतली घरघर कमी होते का, हे नीट ऐकू यावं म्हणून डोळे मिटून. वीस झाले की घरघर बंद! दररोज!

आता तुम्हीच सांगा, अनवाणी, डोळे मिटून, ओठ हलवत निंबाला पाणी घालणारा माणूस लोकांना कसा दिसेल? मला हा प्रश्न पडलाच नाही. अहो, आमच्या घरी धम्म घेतल्यापासून देव-नवस सगळं बंद. वॉर्डात अंधश्रद्धेवर भाषण असलं की माईकसमोर मीच!

एक दिवस शेजारच्या बिसेनबाई म्हणाल्या, "भैया, यहाँ पानी डालने से फायदा होता है क्या?"

त्यांच्याकडे नवा रेडिओ आला होता, त्याचीही घरघर चालायची. मला वाटलं, त्याचंच विचारतायत.

"बहुत फायदा! मेरा तो बरसों से काम चल रहा है. आप भी डालो, जितना ज्यादा उतना अच्छा!"

आठ दिवसांत बिसेनबाईंच्या मुलीचं लांजीला लग्न जमलं.

पुढच्या मंगळवारी निंबाखाली चार बाया. त्याच्या पुढच्या मंगळवारी अकरा! मी खिडकीतून पाहून खूश, आपल्या अर्थिंगला फुकटचं पाणी! एकीला तर मीच ओरडून सांगितलं, "ताई, जरा बुंध्याजवळ डालो!" मग तिथे एक दगड आला. मला वाटलं, पाणी वाहून जाऊ नये म्हणून ठेवला असेल. मी खाणीत असताना त्या दगडाला शेंदूर लागला.

बुद्धजयंतीला चार दिवस उरले आणि नानाजी आले. नानाजी म्हणजे आमच्या वॉर्डातले वडीलधारे. मला गिटार घेऊन पहिल्यांदा मंचावर बसवलं ते त्यांनीच. दारातच थांबले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"यंदा जयंतीले तुह्यी पेटी नको. अन् तूही नको."

"काहून नानाजी? पेटी तर चांगली चालून राह्यली!"

"पेटी चांगली आहे, तू बिघडला. दारात शेंदूर! डोळे मिटून मंत्र म्हणून राह्यला म्हणे रोज? अन् बायाइले सांगतो, माह्यं काम होते म्हणून?"

खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वंदनेची गिटार दरवर्षी माझी. त्या एका दिवशी सगळा वॉर्ड माझ्याकडे कौतुकानं पाहतो. ते गेलं तर माझ्याकडे उरलं काय? हजेरीचं रजिस्टर!

"नानाजी, ते अर्थिंग आहे! पाणी नाही घातलं तर पेटी घरघरते. विज्ञान आहे ते, विज्ञान!"

"हौ? मंग खोदून दाखव."

कुदळ आली. अर्धा वॉर्ड जमला. बिसेनबाईही आल्या, हातात लोटा. मी तावातावानं खोदलं. कोळसा निघाला. तारेचं टोक निघालं, कशालाच न बांधलेलं. पत्रा गायब!

"चोरी झाली!" मी ओरडलो.

"चोरी कायची?" माझी बायको सुशीला दारातूनच म्हणाली. "चुलीसाठी माती काढताना मले सापडला तो पत्रा. तो देऊन भांडेवालीजवळून लोटा घेतला. तोच लोटा, रोज नेता तो."

"कधी?"

"मुन्नी पोटात होती तवा."

आमची मुन्नी चौथीत आहे हो!

"अन् मी रोज पाणी घालून राह्यलो, तर तू बोलली काहून नाही?"

"मले वाटलं झाडाले घालता. चांगलं काम, काहून रोकू?"

नानाजी ओट्यावर बसले आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. सुशीलानं त्याच लोट्यातून पाणी दिलं, ते त्यांनी घटाघटा संपवलं.

"काबे," डोळे पुसत म्हणाले, "रामपायलीले पेटी नेली, तवा हा निंब संग नेला होता का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पेटी तापायला वीस आकडे लागतात आणि तापली की घरघर आपोआप थांबते, एवढंच ते विज्ञान! बिसेनबाईंनी दगड गुपचूप आपल्या अंगणात नेला. मुलीच्या लग्नाला पेटी मात्र माझीच सांगितली.

जयंतीला मी गिटार घेऊन मंचावर बसलो. पेटी सुरू केली. घर्रर्र... सगळा वॉर्ड शांत, माझ्याकडे पाहतोय. सवय वाईट असते हो. माझे डोळे कधी मिटले आणि ओठ कधी हलायला लागले, मलाच कळलं नाही.

पहिल्या रांगेतून नानाजींचा आवाज आला, "बाबू, मंत्र झाला असंल तर वाजव!"